टेन-बीला डॉर्कस शिकवताना

१० जून २०२४, सोमवार. सकाळी ६.३०

डायरीच्या पहिल्या पानावर नाव, वय, ब्लड ग्रुप लिहायला रकाने आहेत. भरले. मधुकर चिकोर्डे, सत्तेचाळीस, बी पॉझिटिव्ह. स्वभावही तोच. ही डायरी कोणालाही दाखवायची नाही, म्हणून यात फक्त खरं लिहायचं.

आज शाळा सुरू. सर्जापूर रोडवरच्या या इंटरनॅशनल स्कूलमध्ये इंग्लिश आणि हिस्ट्री शिकवायचं माझं हे नववं वर्ष. यंदा काहीतरी मोठं होणार. ग्रेड टेनच्या टेक्स्टबुकात अमेरिकेतल्या गुलामगिरीला दोन पानं आहेत, त्यातलं अर्धं पान नकाशा. प्रिन्सिपल कौशल्या मॅडमना मी पटवलं की टेन-बीला मी एक अख्खं पुस्तक शिकवणार. डॉर्कस नावाच्या बाईचं आत्मचरित्र. जॉर्जियातल्या कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून जन्मली, तिशीत पळाली, मग स्वतःच्या हाताने स्वतःचं आयुष्य लिहिलं. तिकडे यादवी युद्ध पेटायच्या आधीचा काळ. मॅडमनी विचारलं, हे परीक्षेला आहे का. मी म्हटलं, आयुष्याला आहे. त्यांनी घड्याळाकडे पाहून सही केली. सव्वीस प्रती आल्यात.

संकल्प: रोज पहाटे बेळ्ळंदूर तलावाच्या बाजूने पाच किलोमीटर. माझ्या शिकवण्याच्या पद्धतीवर अमेरिकन जर्नलसाठी लेख, पंधरा ऑगस्टपर्यंत. आणि बायकोच्या, हेमलताच्या, समाधानासाठी ओरिजिनल सर्टिफिकेट्स शाळेकडून परत आणणं.

हे शेवटचं काही विशेष नाही. रुजू होताना प्रत्येकाची ओरिजिनल्स ऑफिसच्या स्टीलच्या कपाटात ठेवून घेतात. सेफ कस्टडी. हेमलता त्याला गहाण म्हणते. मी म्हटलं, बँकेच्या लॉकरला आपण गहाण म्हणतो का? तिने विचारलं, लॉकरची किल्ली कोणाकडे असते. मी म्हटलं, तो मुद्दा वेगळा.

फिरायला गेलो नाही. पहिला दिवस.

१४ जून, शुक्रवार

पहिला तास. पहिलं पान मी आवाज लावून वाचलं. शेवटच्या वाक्यानंतर मुद्दाम गप्प राहिलो. मुलांना वाटलं तास संपला. सहा जण उठले.

मग डोळे मिटायला लावले. म्हटलं, कल्पना करा, तुमचा लिलाव चालू आहे. अजिंक्यने (पुण्याची फॅमिली, आई आयटीत) मागून बोली लावली. तो 'डॉर्कस' नावावरून सकाळपासून हसतोय, इंग्लिशमध्ये डॉर्क म्हणजे बावळट म्हणे. भाग्यलक्ष्मी नावाच्या मुलीने डोळे मिटलेच नाहीत. म्हणाली, सर, हे आपण इमॅजिन करू शकत नाही, आणि केल्यासारखं दाखवू नये. ती खरीखुरी बाई होती.

रिमार्क लिहिला: कल्पनाशक्ती कमी.

२५ जून, मंगळवार. दुपार

सर्टिफिकेट्सचं आज निकालात काढायचं ठरवूनच निघालो. ऑफिसात क्लार्क मंजुनाथ. म्हणाला, किल्ली मॅडमकडे, मॅडम मीटिंगमध्ये, स्वल्प वेट माडि सर. स्वल्प म्हणजे थोडं, पण मंजुनाथचं थोडं हे पाऊण तास चालतं. थांबलो. कपाट बाहेरून पाहिलं. दणकट आहे. वर सिलिका जेलची पुडीही ठेवलीय. घरी तर वाळवी. समाधानाने परत आलो.

हेमलताला सांगितलं, प्रोसेस सुरू झालीय.

२ जुलै, मंगळवार

दुसरं प्रकरण, पास. मळ्याबाहेर पाऊल टाकायचं तर मालकाची चिठ्ठी लागायची. चिठ्ठी नसली की रस्त्यावरची गस्त फटके मारायची. मी विचारलं, मग गुलामांना लिहायला-वाचायला बंदी का होती? उत्तर मीच द्यायचं ठरवलं होतं: कारण वाचन हा आनंद आहे. भाग्यलक्ष्मी म्हणाली, लिहिता आलं तर पास स्वतःच लिहिता येईल म्हणून. मी म्हटलं, मी तिकडेच येत होतो.

अजिंक्यने विचारलं, सर, आपल्या टीचर्सनाही शाळेच्या वेळात बाहेर जायला गेटपास लागतो ना? वर्ग हसला. मी समजावलं की तुलना वरवरची आहे, गेटपास सुरक्षेसाठी असतो.

दुपारी डेंटिस्टची अपॉइंटमेंट होती. मॅडम बाहेर, गेटपासवर सही नाही. दाढ उद्याही दुखेलच. गेलो नाही.

९ जुलै, मंगळवार

आज एक गोष्ट कळली. ती फक्त इथे लिहितो, कारण वचन दिलंय.

स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी शिवलीला बसते. वय एकोणतीस, ग्रेड आठला हिस्ट्री. मूळ अथणीची, त्यामुळे मराठी छान, मध्ये मध्ये कन्नड. मला अण्णा म्हणते. दोनदा घरी जेवायला आली, हेमलताला तिचा लळा आहे, अधूनमधून डबा पाठवते. कॉपी तपासताना ही मुलगी चुकांखाली लाल रेघ मारत नाही, समासात बरोबर उत्तर लिहिते. वेळ वाया जातो, मी सांगितलंय.

तर तिची सरकारी पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, लेक्चरर म्हणून निवड झालीय. विजयपुराकडे. चार वर्षं परीक्षा देत होती. चौदा ऑगस्टला कागदपत्रांची तपासणी, ओरिजिनल्स समोर ठेवावी लागतात. आणि ती आपल्या कपाटात. शाळा न सोडण्याचा तिचा बाँड एप्रिलपर्यंत आहे, मागितली तर मॅडम देणार नाहीत. म्हणून पासपोर्टसाठी हवीत असं सांगून दोन दिवसांसाठी घ्यायची आणि परत यायचंच नाही, असा बेत. एवढं बोलून तिने दाराकडे पाहिलं. म्हणाली, अण्णा, कोणाला सांगू नका, वहिनींनासुद्धा.

मी म्हटलं, माझ्या पोटात राहील.

लोक माझ्याजवळ मन मोकळं करतात. यावर लेखात एक परिच्छेद हवा.

१६ जुलै, मंगळवार. संध्याकाळ

मॅडमनी बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं. एचओडीची, विभागप्रमुखाची, जागा रिकामी होतेय, माझं नाव त्यांच्या डोक्यात आहे. पुढे म्हणाल्या की त्यांना टीमची काळजी वाटते. टीचर्स वर्षाच्या मध्येच सोडून जातात, मुलांचं नुकसान होतं. एचओडीला अशा गोष्टी आधी कळायला हव्यात.

मी विचार केला. एकटी मुलगी. विजयपुराचं ऊन. सरकारी कॉलेजची बाकं, खोलीची शोधाशोध. शिवाय ग्रेड आठला मधेच टीचर नाही. तिचं भलं, मुलांचं भलं, शाळेचं भलं, तिन्ही एका बाजूला होतं. दुसऱ्या बाजूला फक्त वचन.

तरी मी नाव घेतलं नाही. एवढंच म्हटलं की ग्रेड आठच्या हिस्ट्री टीचरला पासपोर्टची तशी घाई नसावी.

मॅडमनी मान डोलावली, कॉफी मागवली. ऑफिसातली कॉफी स्टाफरूमपेक्षा फार वेगळी असते. वेलची घालतात.

१८ जुलै, गुरुवार

शिवलीलाने अर्ज दिला. नाही म्हणाल्या. पासपोर्ट ऑफिसला झेरॉक्स चालते, हवं तर मंजुनाथ सोबत येईल, असं मॅडमनी सांगितलं म्हणे.

तिला वाटतं मंजुनाथने काहीतरी वास काढला. मी म्हटलं, शक्य आहे. तसा मंजुनाथ माणूस चांगला आहे, पण शक्य आहे.

तिला बाहेरच्या टपरीवर फिल्टर कॉफी पाजली. मोठ्या मनाने म्हटलं, शिवलीला, आपणही एक प्रकारे गुलामच. ती म्हणाली, नाही अण्णा. त्यांच्याकडे कोणी बाँडवर सही मागितली नव्हती. त्यांची पोरं विकली. आपल्याला नुसती भीती वाटते.

मला हे जरा लागलं. वातावरण हलकं करायला म्हटलेलं.

मग तिने विचारलं, तुमचं मॅडम ऐकतात, तुम्ही माझ्यासाठी बोलाल का? मी म्हटलं, हे काय विचारणं झालं.

२३ जुलै, मंगळवार

मॅडमशी उद्या बोलायचं.

२४ जुलै, बुधवार

मॅडमचा मूड नव्हता.

३० जुलै, मंगळवार

शिवलीला विचारत होती. सांगितलं, बोललो, मॅडम पॉझिटिव्ह आहेत. बोलणारच आहे, त्यामुळे हे खोटं नाही, आगाऊ आहे. ती म्हणाली की एका मैत्रिणीने तिला सांगितलंय, सरळ ऑफिसात जाऊन बसायचं, दिल्याशिवाय उठायचं नाही. बसू का? मी म्हटलं, अजिबात नको. आत्ता सगळं जुळत आलंय, तू बसलीस की बिघडेल. माझ्यावर सोड.

सरी अण्णा, म्हणजे बरं, म्हणाली.

वर्गात पाचवं प्रकरण. डॉर्कस पिठाच्या पोत्यांवरची अक्षरं पाहून वाचायला शिकते. अजिंक्यने आज नावाची चेष्टा केली नाही. विचारलं, सर, ती पकडली गेली असती तर? मी म्हटलं, पुढे बघू. पुढचं प्रकरण मलाच अजून वाचायचंय.

वजन केलं. दीड किलो वाढ. ऑफिसच्या कॉफीत साखर असणार.

१४ ऑगस्ट, बुधवार

शिवलीला सिक लीव्हवर. मला माहीत होतं कुठे आहे. काल संध्याकाळच्या बसने झेरॉक्स घेऊन गेली. संध्याकाळी फोन आला. तिथल्या बाई चांगल्या होत्या म्हणे, झेरॉक्स चालत नाही पण एकवीस तारखेपर्यंत मुदत देते म्हणाल्या, त्यानंतर वेटिंग लिस्टमधल्याचं नाव लागेल. फोनवर बसस्टँडचा गलका होता. तिने तीनदा विचारलं, अण्णा, एकवीसपर्यंत होईल ना?

मी म्हटलं, सात दिवस म्हणजे भरपूर.

उद्याच्या भाषणाची तयारी राहिली होती म्हणून फोन ठेवला.

१५ ऑगस्ट, गुरुवार

भाषण उत्तम झालं. अकरा मिनिटं. विषय: स्वातंत्र्य ही मनाची अवस्था. डॉर्कसचा उल्लेख चार वेळा. ट्रस्टी पुढच्या रांगेत होते, त्यातले एक जागे होते.

शिवलीला रात्रभर प्रवास करून थेट ग्राउंडवर आली होती. साडी चुरगळलेली. ग्रेड आठच्या रांगेमागे उभी. टाळ्या वाजवल्या की नाही दिसलं नाही, उन्हामुळे.

लेख पंधरा ऑगस्टपर्यंत व्हायचा होता. शीर्षक झालंय.

१९ ऑगस्ट, सोमवार

मॅडमशी बोलायला गेलो. खरंच गेलो. दारातच त्या म्हणाल्या, या चिकोर्डे सर, एचओडीचं लेटर तयार होतंय, गुरुवारी तुमचा एक तास कोणीतरी ऑब्झर्व्ह करेल, फॉर्मॅलिटी. अशा क्षणी दुसऱ्याचं काम काढणं बरं दिसलं नसतं. म्हटलं, थँक्यू मॅडम.

शिवलीला कॉरिडॉरमध्येच उभी होती. सांगितलं, परवापर्यंत नक्की.

२१ ऑगस्ट, बुधवार

दिवसभर लायब्ररीत बसलो. तिथे शांतता असते. चार वाजता ती शोधत आली. समोरच्या खुर्चीवर बसून राहिली, पाच वाजेपर्यंत. पाचला उठली. म्हणाली, झालं अण्णा, ऑफिस बंद झालं तिथलं.

मी म्हटलं, जे होतं ते चांगल्यासाठी. तिने माझ्याकडे पाहिलं. थकली असावी.

घरी हेमलताने उपमा केला होता. दोन वाट्या खाल्ला. ताण आला की मला भूक लागते.

२२ ऑगस्ट, गुरुवार. संध्याकाळ

आजचं सविस्तर लिहितो, कारण काही गोष्टींचा विपर्यास होऊ शकतो.

माझा तास ऑब्झर्व्ह करायला रोस्टरप्रमाणे शिवलीलाच आली. वही घेऊन मागच्या बाकावर. सातवं प्रकरण. मळ्यावर एक माणूस आहे, तोही गुलामच, पण धान्याच्या कोठाराच्या चाव्या त्याच्याकडे. डॉर्कस त्याचं नावसुद्धा लिहीत नाही. तिचा भाऊ आयझॅक रविवारी पळायचा बेत करतो आणि भरवशाचा म्हणून या माणसाला सांगतो. हा मालकाला सांगतो. आयझॅकला साखळीत घालून लुइझियानाला विकतात. ती त्याला पुन्हा कधी पाहत नाही. सगळं मिळून दीड पान.

मुलं चिडली. अजिंक्यने तर मराठीतच शिवी दिली. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, इतिहासात घाईने निकाल द्यायचा नसतो. या माणसाच्या जागी उभे राहा. त्याच्यावर जबाबदारी आहे. त्याला ठाऊक आहे की बाहेर कुत्री आहेत, गस्त आहे. पळताना आयझॅक मेला असता. एका अर्थी या माणसाने त्याला वाचवलं. आणि त्याने सांगितलं ते स्वतःसाठी नाही, सगळ्यांचं नीट चालावं म्हणून. माझा आवाज लागला होता. पंधरा ऑगस्टपेक्षा चांगलं बोललो.

मागून शिवलीला म्हणाली, सर, एक प्रश्न विचारू का मुलांना? मी म्हटलं, अवश्य. तिने विचारलं, त्या माणसाला याच्या बदल्यात काय मिळालं?

मुलं पानं उलटायला लागली. भाग्यलक्ष्मीने उलटली नाहीत. म्हणाली, काहीच नाही, मॅम. मी पुस्तक पूर्ण वाचलंय. पुढे मालक मेल्यावर त्यालाही विकतात, नांगर आणि खेचरांबरोबर एकाच दिवशी. डॉर्कसने किंमतसुद्धा लिहिलेली नाही.

मी म्हटलं, पुढचं आपण पुढे पाहू.

शिवलीलाने वही मिटली आणि घंटेआधीच गेली. ऑब्झर्वेशन फॉर्म टेबलावर ठेवला होता. सगळे रकाने कोरे, खाली नुसती सही.

मंजुनाथकडून नंतर कळलं. सकाळीच मॅडमनी तिला बोलावून समजावलं होतं की राग धरू नकोस, तुझ्या भल्याचा विचार करणारे सीनियर्स शाळेत आहेत, चिकोर्डे सरांना जुलैपासून तुझी काळजी वाटत होती.

मॅडमनी एवढं स्पष्ट बोलायला नको होतं. तसं मी नाव घेतलं नव्हतं.

२३ ऑगस्ट, शुक्रवार. रात्री ८

आज फिरायला गेलो. संध्याकाळी, आणि दीड किलोमीटर, पण गेलो. तलावाच्या बाजूला वास होता म्हणून परतलो. हेमलता ओट्यापाशी उभी. म्हणाली, शिवलीला येऊन गेली, डबा परत द्यायला.

जेवताना विचारलं, तुम्ही सांगितलंत?

मी म्हटलं, गोष्ट एवढी सरळ नाही. ती म्हणाली, हो की नाही. मी संदर्भ द्यायला सुरुवात केली. एचओडी, टीमची स्थिरता, विजयपुराचं ऊन. ती ऐकत राहिली. माझ्या पानात भात वाढला, आमटी वाढली, स्वतः जेवली नाही. मग म्हणाली, आणि महिनाभर तिला थांबवून ठेवलंत. ती बसणार होती, तुम्ही बसू दिलं नाहीत.

मी म्हटलं, मी आशा जिवंत ठेवली.

ती उठून आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. डोकावून पाहिलं तर इरकल साडी काढून इस्त्री करत होती. उद्या शनिवार, ती काम करते त्या लॅबला सुट्टी नाही. विचारलं, कुठे लग्न आहे का. तिने साडी उलटवून दुसरी बाजू इस्त्रीला घेतली.

२४ ऑगस्ट, शनिवार

शाळेत ओपन हाउस होतं. नवीन ॲडमिशनसाठी आईवडील येतात. रिसेप्शनला फुगे, शहाळ्याचं पाणी, पांढरे सोफे. मला स्वागताची ड्यूटी.

नऊ वाजता हेमलता आणि शिवलीला आल्या आणि मधल्या सोफ्यावर बसल्या. हेमलता इरकलमध्ये. मांडीवर पर्स, शेजारी पाण्याची बाटली. मंजुनाथने विचारलं, काय पाहिजे अक्का? हेमलता म्हणाली, हिची ओरिजिनल्स. मंजुनाथ म्हणाला, मॅडम बिझी. ती म्हणाली, बसतो.

आरडाओरडा नाही, घोषणा नाही, काही नाही. नुसत्या बसल्या. अडचण अशी झाली की येणारे लोक त्यांच्या शेजारीच बसत होते आणि सहज विचारत होते, आपका बच्चा कौन से ग्रेड में? हेमलता प्रत्येकाला हसून सांगत होती: मूल नाही, ही इथली टीचर आहे, हिची सर्टिफिकेट्स शाळेने ठेवून घेतलीत, ती घ्यायला आलोय. इथे सगळ्याच टीचर्सची ठेवतात. हिंदीत, कन्नडमध्ये, एका बाईला मराठीत. ती अजिंक्यची आई निघाली, धाकट्याच्या ॲडमिशनसाठी आलेली. तिने मोठ्याने विचारलं, म्हणजे टीचर जाऊच शकत नाही?

साडेदहाला सोफ्याभोवती वीसेक माणसं उभी होती. शहाळी तशीच.

मॅडमनी मला आत बोलावलं. त्यांचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता. म्हणाल्या, ती तुमची बायको आहे ना, उठवा तिला.

गेलो. हेमलताने सरकून जागा केली. बसता का, म्हणाली. मी बसलो नाही. हळू आवाजात म्हटलं, ही पद्धत नाही. ती म्हणाली, मग पद्धत सांगा. मी शिवलीलाकडे वळलो. म्हटलं, तारीख तर तीन दिवसांपूर्वीच गेली, आता या कागदांचा उपयोग काय?

ती म्हणाली, तारीख गेली, सर. कागद माझेच आहेत.

सर म्हणाली. अण्णा नाही.

अकरा चाळीसला मंजुनाथ ब्राउन पाकीट घेऊन आला. हेमलताने एकेक काढून पाहिलं: दहावी, पीयूसी, बीए, एमए, बीएड. एमएच्या सर्टिफिकेटचा कोपरा दुमडला होता, तिने नखाने सरळ केला. रजिस्टरवर सही झाली. मग हेमलता उभी राहिली आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, तुमचीही मागू का? आत्ता देतील.

मॅडम दारात उभ्या. मंजुनाथच्या हातात किल्ली. एक बाप कडेवरचं मूल थोपटत माझ्याकडे बघत होता. अजिंक्यची आईसुद्धा. हेमलता थांबली होती. तिला घाई नव्हती. लग्नानंतर पहिल्यांदा मला ओळखत नसल्यासारखी बघत होती, आणि तरी थांबली होती.

मी म्हटलं, माझी असू देत. सेफ आहेत.

तिने मान हलवली. दोघी रिक्षाने गेल्या. मी फुगे जरा डावीकडे सरकवले.

२७ ऑगस्ट, मंगळवार. दुपारी ४

शिवलीलाने कालच मेलवर राजीनामा पाठवला. हेमलता तिला धारवाडच्या बसमध्ये बसवून आली. तिथे एका ट्यूशन क्लासमध्ये शिकवणार म्हणे. हे मला हेमलताने सांगितलं नाही, शेजाऱ्यांशी बोलताना कानावर आलं. माझ्याशी ती बोलते, पण गॅस संपला, दूध आलं, एवढंच.

मॅडमनी बोलावलं. उभ्यानेच. एचओडीचं सध्या होल्डवर. ग्रेड आठचे तास एप्रिलपर्यंत मी घ्यायचे. आणि टेन-बीला उद्यापासून पुन्हा टेक्स्टबुक, त्या पुस्तकाने मुलं निगेटिव्ह झालीत, नको ते प्रश्न विचारतात. मी म्हटलं, मीही हेच सुचवणार होतो. दोन पानंही काही कमी नाहीत, नकाशा स्पष्ट आहे.

वर्गात जाऊन प्रती गोळा केल्या. मुलं बाकावर पुस्तक ठेवायची आणि खिडकीबाहेर बघायची. मोजल्या. सव्वीसपैकी चोवीस. भाग्यलक्ष्मी म्हणाली, हरवलं. अजिंक्यही म्हणाला, हरवलं. त्याच्या दप्तराच्या उघड्या चेनमधून निळं कव्हर दिसत होतं. मी पाहतोय हे त्यालाही दिसलं. त्याने चेन लावली नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला, मी काय करतो ते.

मी चोवीस प्रती उचलल्या. मुलांशी वाद घालणं माझ्या पद्धतीत बसत नाही.

घंटा झाल्यावर ऑफिसात जाऊन दोघांची नावं मॅडमना कळवली.